गिळलेली ऑर्डर

आमच्या जावयाला कुणी विचारलं, की कंपनी कशी सुरू झाली, तर तो फळ्यावर रेघा ओढून सांगतो. आधी गरज ओळखली, मग बाजारपेठ पाहिली, मग आराखडा केला, वगैरे वगैरे. सगळ्या थापा. कंपनी सुरू झाली माझ्या जेवायच्या टेबलावर, आणि कारण एवढंच, की निवृत्त झाल्यावर हे घरात बसून माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटायला लागले होते.

ह्यांनी जन्मभर एका दलालाच्या पेढीत शेअरचे सौदे केले. आधी बाजाराच्या दालनात उभं राहून, घसा फोडून ओरडत, आणि पुढे संगणक आले तेव्हा स्क्रीनसमोर बसून. घरी बसल्यावर स्वतःचे थोडेफार सौदे करावेत असं मनात होतं, पण त्यासाठी मिळणारं एकही सॉफ्टवेअर ह्यांच्या पसंतीला उतरेना. "ह्याच्यात भाव शोधायला तीन ठिकाणी हिंडावं लागतं." "हे ऑर्डर घेण्याआधी माझी कुंडलीच विचारतं." दिवसभर तीच टकळी. शेवटी लेक वैतागली. ती तेव्हा एका विमा कंपनीत प्रोग्राम लिहायचं काम करायची. म्हणाली, "बाबा, तुम्हाला हवं तसं मीच लिहून देते. पण मग कुरकुर चालायची नाही."

कुरकुर कसली थांबते! ती ऑफिसातून आली, की टेबलावर लॅपटॉप उघडायची आणि हे शेजारी बसून हुकूम सोडायचे. भाव डावीकडे, आपल्या ऑर्डरी उजवीकडे, मधे काही नको. एक बटण दाबलं की शंभर शेअरची ऑर्डर गेली पाहिजे, प्रश्न नकोत. मी आपली ताटं हातात घेऊन उभी. बापलेकीत इतकी भांडणं व्हायची, की शेजारीण एकदा विचारून गेली, सगळं ठीक आहे ना म्हणून.

पण जे झालं ते छान झालं, हे मलाही कळत होतं. ह्यांचे पेढीतले जुने सोबती घरी यायचे, ते बघायचे, आणि जाताना हळूच विचारायचे, "मलाही देशील का गं?" मग त्यांच्या ओळखीचे. मग त्या ओळखीच्यांच्या पेढ्या. जावई तेव्हा हॉस्पिटलांना यंत्रं विकायचा. वाळवंटात वाळू विकेल असा माणूस. त्यानं नोकरी सोडली आणि कंपनी नोंदवली. कार्डावर घरचाच फोन नंबर छापला, त्यामुळे न मागता ग्राहकसेवा माझ्या गळ्यात पडली.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण लोकांचा आवाज चढला, की माझाही चढतो, त्यामुळे निभावलं. ऑर्डर गेलीच नाही असं कुणी म्हणालं, की माझं उत्तर ठरलेलं. "अहो, बटण नीट दाबलं नसेल तुम्ही. पुन्हा बघा." बहुतेकदा ते खरंच निघायचं. लेकीनं हसून ते वाक्य पुढे फोनवर बसणाऱ्या नव्या मुलींनाही शिकवलं.

टेबलावरून कंपनी चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत गेली. तिथे चामड्याचा वास यायचा आणि पंखा एकच होता. तिथून एका काचेच्या इमारतीत, अख्ख्या मजल्यावर. आता तिथे शौचालयात जायलाही गळ्यातलं कार्ड दाखवावं लागतं. शेकड्यांनी पेढ्या आमचं सॉफ्टवेअर वापरतात. पण एक रीत पहिल्यापासून होती ती राहिली. सॉफ्टवेअरमध्ये काहीही बदल केला, की नवी आवृत्ती आधी आमच्या घरी, खिडकीपाशी, ह्यांच्या टेबलावर यायची. हे दिवसभर तिच्यावर सौदे करायचे. बाजार बंद झाला, की ऑफिसला फोन लावायचे आणि दोनच शब्द बोलायचे, "जाऊ दे." मगच ती सगळ्यांकडे जायची. ऑफिसातली मुलं एकमेकांना विचारायची, "जाऊ दे आलं का?" ह्यांचा फोन येईपर्यंत कुणी घरी जायचं नाही.

त्या दोन शब्दांवर हे जगत होते, असं म्हटलं तरी चालेल.

चपलांच्या दुकानावर असतानाच कधीतरी ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. फार नाही. कप दोन्ही हातांनी धरायचे, आणि कुणी बघितलं तर रागवायचे. हाताचं त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. ते वेगळ्याच गोष्टीला घाबरले.

एका दुपारी खिडकीजवळून ह्यांची हाक आली. "अगं, मी दोनशे घेतले होते ना आत्ता?"

"मला काय माहीत? मी काय तुमच्या पाठीशी उभी होते?"

"दोनदा दाबलं मी. मला आठवतंय." स्क्रीनवर शंभरच दिसत होते. हे बघत राहिले.

मी लसूण सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "दाबलं नसेल. होतं असं."

महिन्याभरात पुन्हा झालं. मग पुन्हा. प्रत्येक वेळी ह्यांना आठवायचं की आपण दोनदा दाबलं, आणि प्रत्येक वेळी स्क्रीन म्हणायची, एकदाच. आता तुम्ही म्हणाल, एवढंसं तर आहे. पण माझे थोरले दीर शेवटी कसे गेले ते आम्ही पाहिलं होतं. त्यांचीही सुरुवात अशीच झाली होती. केलेलं केलं नाही म्हणायचे आणि न केलेलं केलं म्हणून भांडायचे. शेवटी पोटच्या पोरांना "आपण कोण?" म्हणून विचारायचे, आणि जाऊबाईंना स्वयंपाकीण समजून पगार किती घेता म्हणायचे. हे त्यांच्या उशाशी बसलेले होते. त्यामुळे ह्यांच्या मनात काय चाललंय हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

डॉक्टरकडे नेलं. त्यांनी घड्याळ काढायला लावलं, वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. सगळं बिनचूक. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वय आहे. लिफ्टमध्ये हे म्हणाले, "डॉक्टरांच्या परीक्षेत कुणीही पास होईल. मी रोज जी देतो तिच्यात नापास होतोय." आणि माझा दंड घट्ट धरून म्हणाले, "लेकीला सांगायचं नाही. तिच्या डोळ्यांत मला कीव बघायची नाही. शपथ आहे तुला."

मी शपथ पाळली. चुकलंच माझं, पण पाळली.

त्यानंतर माणूस एकेक गोष्ट सोडत गेला. आधी गाडी चालवणं सोडलं, मग बँकेची कामं जावयाकडे दिली. दोनदा दाबणंही सोडलं. एकदा दाबायचं, हाताची घडी घालून बघत बसायचं, ऑर्डर गेली की सुस्कारा टाकायचा. पूर्वी एकेका बटणाच्या रंगावरून जावयाशी हमरीतुमरीवर येणारा माणूस आता म्हणायचा, "तुम्ही म्हणाल तसं." जावई मला सांगतो कसा, "आई, बाबा हल्ली किती शांत झालेत नाही?" असा राग आला मला! हातातली पळी फेकून मारावीशी वाटली. शांत कसले, माणूस आतून दिवे मालवत चालला होता.

अशातच ती मोठी बँक आली. तिच्या सगळ्या सौदेवाल्यांना आमचं सॉफ्टवेअर हवं होतं. करार झाला तर कंपनी दुप्पट होणार, म्हणून जावयाचे पाय जमिनीवर नव्हते. बँकेची माणसं महिनाभर वापरून बघणार, नवी आवृत्ती घेणार आणि मग सही. त्याच सुमाराला जेवताना ह्यांनी जाहीर केलं, "बँकेच्या आवृत्तीला मी शेवटचं जाऊ दे म्हणणार. मग बास. कंपनीतली माझी जागा, माझा निर्णायक मताचा हक्क, सगळं जावईबापूंच्या नावावर करा. कागद तयार ठेवा, सोमवारी सही करतो."

लेक म्हणाली, "असं काय एकदम?"

"वय झालं."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी वाटीत डाव घालून बसले. हा माणूस सोमवारी स्वतःच्या हातानं स्वतःला मोडीत काढणार होता, आणि मला शपथेनं तोंड शिवून बघत बसायचं होतं. त्या आठवड्यात मी कुणाशीच धड बोलले नाही.

शनिवारी सकाळी बेल वाजली. दारात लेक, जावई आणि मास्तरीण. मास्तरीण म्हणजे कंपनीत नव्यानं आलेली इंजिनियर. बाई चाळिशीची, स्वभावानं गोड, पण उलटतपासणी घेतल्यासारखे प्रश्न विचारते म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. आमच्याकडे दुसरी एक रीत होती. सॉफ्टवेअरमध्ये मोठी खोट सापडली, तर ती आधी ह्यांना दाखवायची. तीच घेऊन ही मंडळी आली होती.

"काका, बँकेच्या माणसांची तक्रार आहे," मास्तरीण खुर्ची ओढत म्हणाली. "म्हणतात, पटापट दोन ऑर्डरी टाकल्या तर एकच जाते."

"नीट दाबलं नसेल," माझ्या तोंडून सवयीनं गेलं.

"मलाही तेच सांगितलं होतं सगळ्यांनी. काका, सरावाच्या लुटुपुटीच्या बाजारात तुम्हीच बघा ना. एकदा दाबा आणि लगेच पुन्हा दाबा."

ह्यांचा चेहरा उतरला. चार माणसांसमोर नेमकं तेच करायचं, ज्यात आपण चुकतो. नाही म्हणायची पण सोय नाही. ह्यांनी बोट ठेवलं, दाबलं, पुन्हा दाबलं. आम्ही सगळ्यांनी टक टक असे दोन आवाज ऐकले. स्क्रीनवर एकच ऑर्डर आली.

हे स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"बघा!" मास्तरीण खूश झाली. "दुसरी गिळली. पापणी लवायच्या आत पुन्हा दाबलं, तर दुसरं दाबणं धरायचंच नाही, अशी सरळ ओळच लिहिलेली आहे. जरा थांबून दाबलं, तर दोन्ही जातात. चूक नाही ही. मुद्दाम घातलीय."

"मुद्दाम?" जावई किंचाळला. "कुठल्या गाढवानं?"

"मी," लेक म्हणाली. आणि वेडी हसली, लहानपणी कपाटामागे सापडल्यावर हसायची तशी. "बाबा, रागवू नका. चपलांच्या दुकानावर होतो ना, तेव्हा तुमचा हात थरथरायला लागला होता. टीव्हीचं बटण तुमच्याकडून दोनदा दाबलं जायचं. मला वाटलं, इथेही दाबलं गेलं तर? उगाच दुप्पट शेअर गळ्यात पडतील. म्हणून दुसरं दाबणं धरायचं नाही असं करून टाकलं. तुम्हाला सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं. नंतर गडबडीत तेच सगळ्या ग्राहकांकडे गेलं, माझ्या ध्यानातही राहिलं नाही."

हे अगदी सावकाश म्हणाले, "मी दोनदाच दाबतो."

"म्हणजे?"

"जन्मभर. दोनशे हवे असले, तर दोनशे कधी मागायचे नाहीत. दालनात एकदम मोठा आकडा ओरडलास, की समोरचा भाव चढवतो. शंभर मागायचे, त्यानं हो म्हटलं की त्याला श्वास घेऊ न देता लगेच दुसरे शंभर. पेढीतले सगळे तसंच करायचे. बोटांना तीच सवय आहे." त्यांनी हात उलटा करून बघितला. "थरथरही असेल. पण प्रत्येक वेळची थरथर नव्हती, बाळा."

लेकीला अजून कळलं नव्हतं. कळणार कसं? आणि मग माझा बांध फुटला. शपथ गेली खड्ड्यात. "अगं, हा माणूस तेव्हापासून समजतोय, की त्याचं डोकं चाललंय! तुझ्या थोरल्या काकांसारखं! दोनदा दाबल्याचं आठवायचं, आणि तुझं ते कार्टं सॉफ्टवेअर म्हणायचं एकदाच. गाडी कशानं सुटली? बँकेची कामं कशानं सुटली? परवा सही कशासाठी करतायत? वय झालं म्हणून? आणि मी! मीच ह्यांना सांगायचे, दाबलं नसेल म्हणून. ह्यांनाही आणि फोनवर येणाऱ्या प्रत्येकालाही!" रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

लेक मटकन जमिनीवर बसली. "बाबा, मी तुमचे पैसे वाचवायला..."

"हो गं. कळतंय मला," हे म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. "हात थरथरून दोनदा गेलं असतं, तर पैसे गेले असते. एवढंच ना? पैसे मी पुष्कळदा घालवलेत. दुसऱ्या दिवशी पुन्हा कमावतो माणूस. हे नव्हतं कमावता येत."

ती त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. ह्यांनी तिच्या केसांवर हात ठेवला. हात थरथरत होता, आणि या वेळी त्यांनी तो लपवला नाही.

मास्तरणीनं तिथेच ती ओळ काढली. ह्यांनी टक टक दाबलं. दोन ऑर्डरी. पुन्हा टक टक. चार. हे दाबतच सुटले. सरावाच्या बाजारात त्या सकाळी आम्ही किती शेअर घेतले देव जाणे.

जावयानं घसा साफ केला. त्याचंही चूक नाही, बँक त्याच्या डोळ्यांसमोर होती. "म्हणजे खोट सापडली, छानच झालं. सोमवारच्या आवृत्तीत दुरुस्त होऊन जाईल. कुणाला काही सांगायची गरज नाही. बाकी ग्राहकांना कळणारही नाही."

"त्यांना कळवायचं," हे म्हणाले.

"बाबा, कशाला? बँक बिथरेल. सहीच्या तोंडावर आपणच सांगायचं, की आम्ही इतकी वर्षं लोकांच्या ऑर्डरी गिळत होतो?"

"गिळत होतो ना? मग तसंच सांगायचं. तक्रार करणाऱ्या प्रत्येकाला आपण सांगितलं, तुम्ही दाबलं नसेल. त्यातला कुणी माझ्यासारखा घरी बसून स्वतःच्या डोक्यावर शंका घेत असेल, तर? एक जरी असला तरी? त्याला कळलं पाहिजे, की बाबा रे, दाबलं होतंस तू."

"आणि करार गेला तर?"

"तर गेला! टेबल आहे अजून घरात. परत त्याच्यावर बसू."

"बाबा, प्रॅक्टिकल बोला जरा!"

"मी प्रॅक्टिकलच बोलतोय! तुम्ही नुसते रेघा ओढता!"

झालं, जुंपली दोघांची. जावई लालेलाल, हे उभे राहून बोट नाचवतायत, मास्तरीण कपाळाला हात लावून बसलेली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मी आत जाऊन डोळे पुसले आणि सगळ्यांना चहा टाकला.

शेवटी जावयाला माघार घ्यावी लागली, कारण मताचा हक्क अजून ह्यांच्याचकडे होता. सोमवारी ह्यांच्या सहीचा कागद तसाच परत गेला आणि ग्राहकांना सविस्तर कळवलं गेलं. काहीजण भडकले, दोन पेढ्या सोडून गेल्या. बँकेनं करार लांबवला, जावयाची झोप उडवली, आणि मग मुकाट्यानं सही केली. थरथरत्या हातांसाठी लेकीनं नवी सोय केली. लगोलग दुसरं दाबणं आलं, तर खाली छोटी पट्टी उमटते आणि विचारते, धरू का सोडू? हवी त्यानं ती सुरू करून घ्यायची. ह्यांनी बघून म्हटलं, "हे बरं केलंस. विचारायला काय जातं?"

पण मला सांगायचं आहे ते त्या शनिवारचंच. मंडळी गेली, घर शांत झालं. मी कप विसळत होते आणि हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. काहीतरी सांगायचंय आणि जमत नाहीये, असे.

"काय हो?"

"हसणार नाहीस ना?"

"आधी सांगा तर."

"सकाळी आंघोळीला जातो ना मी. नळ मोठा सोडतो आणि सगळ्यांची नावं म्हणतो. लेकीचं, जावयाचं, नातीचं, पेढीतल्या सगळ्यांचं. रोज. एखादं गळतंय का ते बघायला."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मला वाटायचं, हे इतका वेळ नळ सोडून पाणी वाया घालवतात, आणि मी दाराबाहेरून त्यावरून ओरडायचे. इतके दिवस हा माणूस आत एकटा उभा राहून हे करत होता, आणि मी पाण्याचा हिशेब मागत होते. आणि असं काही झालं, की मी चिडवते, तो स्वभावच आहे माझा.

"आणि माझं नाव कितवं असायचं?" मी विचारलं. "जावयाच्या आधी का नंतर?"

"तुझं शेवटी," हे म्हणाले.

"वा! म्हणजे आलं तर आलं!"

"तसं नाही गं." ह्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला आणि ओट्यावर ठेवला. "तुझं पहिलं म्हटलं असतं, आणि नसतं आठवलं, तर पुढची म्हणायला मी उभाच राहिलो नसतो."